वर्नने बंद केलेला व्हरांडा

वर्न योर्गेन्सनचं काम ओळखायचं तर डोळे मिटून भिंतीवर बोट फिरवावं, असं मेरीबरो गावात म्हणत. इतर सुतार सिमेंटच्या पत्र्याला वितभर अंतरावर एक खिळा मारून मोकळे होत. वर्न चार बोटांवर एक मारायचा, आणि खिळ्याचं डोकं असं बसवायचा की वरून रंगाचा हात फिरला की तिथे खिळा आहे हे सांगूनही पटायचं नाही. चाळीस वर्षं त्याने एकच धंदा केला. खांबांवर उभ्या असलेल्या जुन्या लाकडी घरांचे व्हरांडे बंद करायचे आणि त्यांच्या खोल्या करायच्या. पोरं वाढली, वर्नला बोलवा. सासू राहायला आली, वर्नला बोलवा. पुढे घरोघरी एसी आले. दारांच्या वर लाकडी नक्षीच्या जाळ्या असतात, त्यातून गार हवा पळते म्हणून लोकांनी त्या बुजवायला काढल्या. त्याही वर्ननेच बुजवल्या. "वर्न आला की वारा गेला," असं गाव त्याला चिडवायचं आणि पुढच्या कामालाही त्यालाच बोलवायचं.

त्याला ते चिडवणं आवडायचं. माणूस प्रामाणिक, कष्टाळू आणि हट्टी असा की 'माझं चुकलं' हे शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते. एकदा चर्चच्या हॉलचं दार त्याने उलटं बसवलं, तर म्हणाला, हॉलच उलटा बांधलाय. नवं गिऱ्हाईक आलं की तो त्याला आपल्या घरी आणायचा आणि समोरचा व्हरांडा दाखवायचा. हा त्याने बंद केलेला पहिला व्हरांडा. बायको ग्लेनिस बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, तेवढ्या आठ दिवसांत तिला न सांगता त्याने तो बंद करून बाळासाठी खोली केली होती. "घरी आल्यावर पहिलं वाक्य काय बोलली माहीत आहे? 'खिळे छान बसलेत,'" असं तो सांगायचा. ग्लेनिस तेव्हा आत चहा करत असायची आणि काही बोलायची नाही.

तर असा हा वर्न. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, आपल्याच हातचं काम उखडायची पाळी त्याच्यावर आली, ती ग्लेनिसच्या पायांमुळे.

ग्लेनिसला एकोणीस वर्षांपासून मज्जातंतूंचा आजार होता. इतर वेळी वॉकर धरून ती घरभर फिरायची, पण अंगाला उष्णता लागली की तिचे पाय तिचे राहत नसत. डोकं शाबूत, जीभ तिखट आणि पाय मात्र चिंध्यांचे. म्हणून निजायच्या खोलीत एसी होता आणि तो उन्हाळाभर चालायचा. खोलीत थंडी वाजेल इतका गारवा असायचा. दार उघडून घरातल्या बोळात आलं की भट्टी. बोळाच्या टोकाला, पश्चिमेच्या पत्र्याला चिकटून न्हाणीघर, आणि तिथे दुपारी उभं राहणं धडधाकट माणसालाही जड जायचं. निजायच्या खोलीपासून न्हाणीघर अकरा पावलं. नाताळाआधी ग्लेनिस आठव्या पावलाला पडली होती. या सोमवारी नवव्या पावलाला पडली आणि दाराच्या चौकटीवर भुवई फुटली.

वर्न तेव्हा घराखाली खांबांमध्ये आपल्या बाकावर रंधा मारत होता. डोक्यावरच्या फळ्यांवर धप्प आवाज झाला. पुढचं काही ऐकू येईना म्हणून तो तसाच धावला. तिला उचलताना त्याच्या लक्षात आलं, की आपल्यालाही आता तिला उचलवत नाही. भुवईला सहा टाके पडले. घरी येणारी नर्स टाके बघताना म्हणाली, "यांना गारवा कमी पडत नाहीये. हा फरक सोसत नाहीये. थंडीतून एकदम विस्तवात."

मंगळवारी सकाळी ब्रिस्बेनहून केरिन आली. त्यांची एकुलती एक मुलगी, शाळेत उपमुख्याध्यापिका, आणि घरातही तिचा सूर तोच. तिने बाजारातून तीन तापमापक आणले आणि निजायच्या खोलीत, बोळात, न्हाणीघरात एकेक टांगला. दुपारी तीनला वही घेऊन फिरली.

"आत एकवीस. बोळात छत्तीस. न्हाणीघरात एकोणचाळीस," ती म्हणाली. "डॅड, हे घर आहे की शिक्षा?"

"मोठा एसी बसवतो बोळात."

"या वायरिंगवर? मागच्या वर्षी टोस्टर आणि किटली एकदम लावली तर गल्ली अंधारात गेली." तिने वही मिटली. "मी सरळ सांगते. ब्रिस्बेनला माझ्या घराजवळ वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय. सगळीकडे सारखं तापमान, रात्रंदिवस नर्स. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत त्यांनी ती ममसाठी धरून ठेवलीय."

"आणि मी?"

केरिनने खिडकीबाहेर पाहिलं. "तिथे जोडप्यांची सोय नाहीये, डॅड. तू दर रविवारी येत जा ना."

एकावन्न वर्षांत वर्न आणि ग्लेनिस वेगळी झोपली होती ती फक्त दवाखान्यापायी.

"खोलीतच शौचाचं भांडं ठेवलं तर?" वर्न म्हणाला.

"ज्या दिवशी खोलीत भांडं येईल, त्या दिवशी मी माझ्या पायांनी चालत ब्रिस्बेनला जाईन," आतून ग्लेनिस म्हणाली. दार उघडं होतं आणि तिला सगळं ऐकू येत होतं. "आणि माझ्याबद्दल बोलायचं असेल तर आत येऊन बोला. मी खुर्ची नाहीये, इथून उचलून तिथे ठेवायला."

दोघंही खालमानेने आत गेली. पलंगावर पट्टी बांधलेली भुवई उंचावून ग्लेनिसने अट घातली. शुक्रवारी दुपारी तीनला, दिवसाच्या सगळ्यात वाईट वेळी, ती निजायच्या खोलीतून न्हाणीघरापर्यंत चालत जाईल. वॉकर हातात, पण माणसाचा हात नाही. पोचली तर राहील, नाही पोचली तर केरिनबरोबर जाईल आणि कुरकुर करणार नाही. "वर्न, तुझ्याकडे तीन दिवस आहेत," ती म्हणाली. "घराचं काय करायचं ते कर. माझ्या पायांचं मी बघते."

त्या संध्याकाळी वर्न घरभर फिरला. गिऱ्हाइकाच्या घरात फिरावं तसा, कानामागे पेन्सिल खोचून. एक गोष्ट त्याला कळत होती आणि ती कळणं त्याला आवडत नव्हतं. हे घर बांधणाऱ्याने गारव्याची सोय केली होती. छताच्या मधोमध गोल नक्षीचा झरोका होता, त्यातून गरम हवा वर जायची. प्रत्येक दारावर जाळी होती, त्यातून हवा खोल्याखोल्यांत खेळायची. झरोक्यावर माळ्यातून फळी ठोकली होती वर्नने. जाळ्यांवर हार्डबोर्ड मारला होता वर्नने.

बुधवारी सकाळी सहाला त्याने सुरुवात केली. माळ्यावर चढून फळी काढली, तर फळीखाली त्यानेच कोंबलेली जुनी वर्तमानपत्रं निघाली. पाच दारांवरचे हार्डबोर्ड उचकटले. खाली जाळ्या जशाच्या तशा होत्या, वेलबुट्टीत फक्त धूळ भरलेली. केरिनने ओल्या फडक्याने त्या पुसल्या. न्हाणीघराच्या पश्चिमेच्या भिंतीबाहेर वर्नने कापडी छत टांगलं, म्हणजे पत्र्यावर थेट ऊन पडायला नको. बाराला त्याने खोलीतला एसी बंद केला.

"बंद?" केरिन म्हणाली.

"तो चालू ठेवायचा तर दार बंद ठेवावं लागतं. दार बंद ठेवलं तर बोळ तापतो. दोन्ही जमत नाही पोरी."

तीनला खोलीत चौतीस, बोळात चौतीस, न्हाणीघरात पस्तीस. वर्नने आकडे वाचले आणि त्याला क्षणभर आनंदच झाला, कारण तिन्ही सारखे होते. मग त्याने ग्लेनिसकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता, ओठांवर घाम होता आणि तिला चहाचा कप उचलता येत नव्हता. ती काहीतरी म्हणाली ते त्याला कळलं नाही. शब्द एकमेकांत अडकत होते.

केरिनने एसी लावला, धाडकन दार लावून घेतलं आणि आईच्या मानेखाली ओला टॉवेल घातला. मग ती बाहेर आली. "बास झालं, डॅड. तुझा हट्ट पुरवायला ममचा जीव घालवायचा का?"

"अजून दोन दिवस आहेत."

"तू मला घाबरवतोयस," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातली उपमुख्याध्यापिका कुठल्या कुठे गेली.

वर्न कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. तिथे त्याचा जुना भागीदार नेव्ह शुल्झ आपल्या गाडीत बसला होता. नेव्ह रोज चारला येई, आंब्याच्या सावलीत गाडी लावी आणि काच खाली करून गप्पा मारी. उतरत नसे, कारण शेजारच्या सीटवर ऑक्सिजनचा सिलिंडर असे आणि त्याची नळी त्याच्या नाकात. दोघांनी मिळून तीस वर्षं अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे करवतीने कापले होते. तोंडाला फडकं न बांधता, पांढऱ्या धुळीत उभं राहून डबे खाल्ले होते. त्या धुळीने नेव्हची फुप्फुसं धरली आणि वर्नला सोडलं. असं का, हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं आणि त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

"झरोका उघडला, जाळ्या उघडल्या, तरी आत हवा हलत नाही," वर्न म्हणाला. "डासांची कॉइल लावून पाहिली. धूर जागच्या जागी उभा."

नेव्हने एक श्वास घेतला, मग दुसरा. "हवेला बाहेर जायचं दार उघडलंस लेका. आत यायचं कुठाय?"

"पुढचं दार आहे की."

"ते बोळात उघडतं. निजायच्या खोलीचं काय? समुद्राचं वारं ईशान्येकडून येतं. तुझ्या खोलीच्या ईशान्येला काय आहे?"

वर्नला माहीत होतं काय आहे ते. निजायच्या खोलीची काचेची जोडदारं आहेत, त्यांच्यापुढे गेली अठरा वर्षं उभं असलेलं कपाट आहे, आणि दारांपलीकडे बंद व्हरांडा.

"तो नाही," वर्न म्हणाला.

"का? तो काय देव्हारा आहे?"

"चांगलं काम आहे ते."

"चांगलंच आहे," नेव्ह म्हणाला. "म्हणून तर वारा येत नाही." आणि त्याने काच वर केली, कारण हसलं की त्याला धाप लागायची.

वर्न त्या संध्याकाळी जेवला नाही. बंद व्हरांड्यात, म्हणजे केरिनच्या जुन्या खोलीत, शिवणयंत्र आणि खोक्यांच्या मधोमध तो उभा राहिला आणि भिंतीवर त्याने बोट फिरवलं. एकही खिळा हाताला लागला नाही. सेहेचाळीस वर्षं झाली, रंग कुठे फुगलेला नाही. तरुण वर्नचा त्याला अभिमान वाटला आणि लगेच रागही आला.

हे पत्रे कापायचे नाहीत, फोडायचे नाहीत, त्यांना भोक पाडायचं नाही, हे आता आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. तुटला की त्यातून तीच धूळ उडते. घरमालकाने स्वतः काढायचे असतील तर थोडेच, अखंड, ओले करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. वर्नला तीन पत्रे काढायचे होते. गुरुवारी पहाटेच त्याने आणि केरिनने पांढरे झगे आणि तोंडावर मास्क चढवले. ग्लेनिसला घरात ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून तिला नेव्हच्या गाडीत मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी वाऱ्याच्या उलट्या बाजूला, पार समोरच्या फुटपाथशी लावली. एसी चालू, काचा बंद. दोन आजारी माणसं मांडीवर सँडविचचा डबा घेऊन, नाटकाला आल्यासारखी पुढे बघत बसली.

केरिन पाण्यात गोंद कालवून फवारत होती. वर्न जंबूर घेऊन खिळ्यामागून खिळा काढत होता. एका पत्र्याला बावन्न खिळे. दुसऱ्या कुणी हे काम केलं असतं तर वीस मिळाले असते. प्रत्येक खिळ्याचं डोकं आधी रंगाखाली शोधायचं, मग ओलं करायचं, मग पत्र्याला धक्का न लावता जंबुरात धरायचं आणि केसाएवढं केसाएवढं ओढायचं. नऊ वाजेपर्यंत पहिला पत्रा निघाला. साडेअकराला दुसरा. वर्नच्या बोटांची सालं गेली होती.

"मूर्ख माणूस," तो मास्कच्या आत पुटपुटला.

"कोण?"

"ज्याने हे ठोकलंय तो."

तिसऱ्या पत्र्याला अकरा खिळे उरले तेव्हा उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली होती. वर्नने घाई केली. जंबूर निसटलं, पत्रा एका बाजूने लोंबकळला आणि कोपऱ्याशी बारीक कट्ट आवाज झाला. वितभर तडा गेला.

समोरून गाडीचा हॉर्न वाजायला लागला. एकदा, दोनदा नाही, सलग. नेव्ह हॉर्न दाबून धरून बसला होता आणि काचेमागे त्याचं तोंड उघडं होतं. वर्न जागीच गोठला. केरिन फवारा घेऊन पुढे झाली.

"हलू नकोस. श्वास घेऊ नकोस," ती म्हणाली, आणि तिने तडा भिजवला, मग पुन्हा भिजवला, मग त्यावर चिकटपट्टी लावली. वर्न दोन्ही हातांनी पत्रा पेलून उभा होता. खांदे पेटले होते. आपल्यामुळे पोरीच्या फुप्फुसात काही गेलं तर? ही तीच खोली होती, जी त्याने तिच्यासाठी बांधली होती. हॉर्न थांबला तेव्हा गल्लीतली कुत्री भुंकत होती.

पुढचे अकरा खिळे काढायला त्याने दीड तास लावला. पत्रे गुंडाळले, जमीन ओल्या फडक्यांनी पुसली, फडकी आणि झगेही त्याच प्लास्टिकमध्ये गेले. मग दोघंही मागे सरून बघत राहिली. पत्र्यांमागे व्हरांड्याचा जुना कठडा तसाच उभा होता. हिरवा रंग, बारीक गज, एकही मोडलेला नाही. वर्नने तेव्हा तो काढला नव्हता, घाईत त्यावरूनच पत्रे ठोकले होते. छताला लोखंडी कडी होती. ग्लेनिसची मच्छरदाणी तिथे टांगलेली असायची. लग्नानंतरची पाच वर्षं, उन्हाळा आला की दोघं इथेच झोपायची.

गाडीत ग्लेनिस काय करत होती ते काचेमुळे नीट दिसलं नाही. नेव्हने नंतर सांगितलं, की ती सँडविच हातात धरून नुसती बघत राहिली.

शुक्रवार उजाडला तो आधीच तापलेला. सकाळी वर्न आणि केरिनने कपाट सरकवलं. जोडदारं रंगाने चिकटून बसली होती. सुरीने रंगाची फट कापल्यावर ती खडखडत उघडली, आणि निजायच्या खोलीतून थेट रस्ता दिसायला लागला. बाराला वर्नने एसी बंद केला. केरिनने फोन टेबलावर उपडा ठेवला.

आमच्याकडे समुद्राचं वारं दुपारी एक-दीडला नदीवरून गावात शिरतं. घड्याळ लावावं इतकं नेमकं, नको असतं तेव्हा. त्या दिवशी एक वाजला, दीड वाजला, दोन वाजले. कठड्यापलीकडचं पान हललं नाही. खोलीत तेहतीस, बोळात तेहतीस, न्हाणीघरात चौतीस. नेव्हने आपली गाडी आणून आंब्याखाली लावली. वर्नने पलंगाशेजारी जमिनीवर कॉइल लावली. धूर सरळ वर गेला.

अडीचला ग्लेनिसने कप उचलून पाहिला. तो हलला, थोडा सांडला.

"मम, आपण चार वाजेपर्यंत थांबू," केरिन म्हणाली. सगळी वही तिच्या बाजूने होती, आणि तिला जिंकायचं नव्हतं.

"तीन म्हणजे तीन."

"वारा उशिरा येईल, ग्लेन," वर्न म्हणाला. "येतो कधी कधी उशिरा."

"मी वाऱ्याशी अट घातली नव्हती. तुमच्याशी घातली होती."

पावणेतीन. वर्न खाली बसून धुराकडे बघत होता. देवाला हाक मारायची त्याला सवय नव्हती आणि कशी मारतात ते आठवेना. आपण तिला गमावणार, असं त्याच्या मनात स्पष्ट आलं. रविवारी एकदा बस, एक तास खुर्चीत, आणि सहा दिवस हे घर. मग धुराची रेघ वाकली. सरळ झाली. पुन्हा वाकली आणि वाकलेलीच राहिली. ती पलंगावरून दाराच्या जाळीकडे गेली आणि जाळीतून बोळात नाहीशी झाली. छतावरच्या झरोक्यात कोळ्याचं एक जुनं जाळं फुगलं. वर्नला आधी मानेवर कळलं, मग दंडांवर.

केरिन बोळात धावली. "बत्तीस," तिने ओरडून सांगितलं. थोड्या वेळाने, "एकतीस. डॅड, न्हाणीघरातही एकतीस!"

घड्याळात तीन वाजले. ग्लेनिसने मानेवर ओला टॉवेल टाकला, वॉकर धरला आणि उभी राहिली. एक. दोन. दारातून बोळात येताना दर वेळी तिच्या अंगावर गरम हवेचा फटका बसायचा, म्हणून ती तिथे सवयीने थांबली. फटका बसला नाही. आत होतं तसंच बाहेर होतं, आणि पाठीवर वारा. पाच. सहा. वर्न तिच्या मागे दोन हात अंतरावर, हात पुढे करून, तिला न शिवता. आठव्या पावलाला तिचा डावा गुडघा मुडपला.

"हात लावलास तर याद राख," मागे न बघता ती म्हणाली.

वॉकर थरथरला. ती उभी राहिली, दोन श्वास, तीन. नववं पाऊल पडलं. दहावं. अकराव्याला तिने न्हाणीघराच्या दाराची चौकट धरली, तीच, जिच्यावर भुवई फुटली होती. केरिनने तोंडावर हात घेतला आणि ती हमसून रडायला लागली.

परत येताना ग्लेनिसला दोनदा खुर्चीवर बसावं लागलं. "परत यायचं अटीत नव्हतं," ती केरिनला म्हणाली. केरिनने डोळे पुसले, फोन उचलला आणि बोळाच्या टोकाला जाऊन ती खोली नको म्हणून सांगितलं.

ग्लेनिस पलंगाकडे गेली नाही. जोडदारांतून ती व्हरांड्यात आली आणि वेताच्या खुर्चीत बसली. वर्न कठड्याला टेकून उभा राहिला. वाऱ्याने तिचे पांढरे केस पट्टीवर येत होते.

"केरिनला घेऊन घरी आले, तेव्हा इथे भिंत होती," ती म्हणाली.

"तुला आनंद व्हावा म्हणून केली होती."

"माहीत आहे. तू हातोडी घेऊन दारात उभा होतास. शाळेत पहिला नंबर आल्यासारखा. मी तीन दिवस रडले, वर्न. तुझी आई म्हणाली, बाळंतीण आहे, रडायचीच."

वर्न तिच्याकडे वळला. "बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस, 'कसं वाटलं?' मला काहीच सुचेना. मग मी म्हटलं, खिळे छान बसलेत."

ते वाक्य वर्नने सेहेचाळीस वर्षं गावभर सांगितलं होतं. निदान दोनशे घरांत. तो कठड्यावरून सरळ झाला, आणि तिच्या खुर्चीशेजारी फळ्यांवरच बसला. सोललेल्या बोटांनी त्याने तिचा हात धरला.

"चुकलं माझं, ग्लेन."

"काय? मोठ्याने बोल. वाऱ्यात काही ऐकू येत नाहीये."

आंब्याखाली नेव्हने गाडीची काच खाली केली. वर्नने पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने.